भिंतीमागचे हात

जून १९०२ मध्ये फिलाडेल्फिया शहरात हॉर्न आणि हार्डार्ट यांनी एक उपाहारगृह उघडले. तेथे वाढपी नव्हते. भिंतीत काचेच्या दारांचे लहान लहान कप्पे. फटीत नाणे टाकायचे, मूठ फिरवायची, की दार उघडे आणि पदार्थ आपल्या हाती. ही यंत्रणा बर्लिनहून मागवलेली. नाव ‘ऑटोमॅट’, म्हणजे आपोआप चालणारे!

आपोआप? आपण भिंतीमागे डोकावलो असतो, तर रिकामे कप्पे भराभर भरणारे कामगार दिसले असते. आम्हाला वाटते, यंत्राने वाढप्याचे काम संपवले नाही. थोडे गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकले, उरलेले नजरेआड केले.

अडचण आली ती नाण्याची. फट पाच सेंटच्या नाण्याची, त्यामुळे भावही पाचाच्या पटीत. (वर्गात हा पाढा उपयोगी पडेल.) महागाई वाढली, तरी डॉल्फिनच्या तोंडाच्या तोटीतून येणारी कॉफी सहा-सात सेंटला विकता येईना. १९५० मध्ये तिचा भाव एकदम दहा सेंट, म्हणजे दुप्पट झाला. गिऱ्हाइके रोडावली.

शेवटचे ऑटोमॅट न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली बंद झाले. १९०२ च्या त्या भिंतीचा एक भाग वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने जपून ठेवला आहे.