साठ फलकांवरचा इतिहास

१९४१ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जेकब लॉरेन्स या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय चित्रकाराने साठ चित्रांची मालिका पुरी केली. विषय होता स्थलांतर. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून मजूर येईनासे झाले आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील कारखान्यांना माणसे कमी पडू लागली. दक्षिणेत कापसावर कीड पडली होती, मजुरी नाममात्र होती आणि गोऱ्या जमावाच्या हातून फाशी जाण्याची भीती कायमचीच. १९१६ ते १९४० या काळात १५ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय उत्तरेकडे गेले.

लॉरेन्सचे आईवडीलही असेच दक्षिणेतून आलेले. तरी तो घरच्या आठवणींवर विसंबला नाही. हार्लेममधल्या १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात बसून त्याने जुने कागद वाचले. आर्थर शोम्बर्ग यांनी जमवलेली पुस्तके व कागदपत्रे १९२६ साली या ग्रंथालयात आली होती. काळ्या लोकांना इतिहासच नाही, असे लहानपणी एका शिक्षकाने त्यांना सांगितले आणि तेव्हापासून ते पुरावे गोळा करू लागले, असे म्हणतात. (शिक्षकी पेशाचा हा परिणाम आपण कुठे मोजत नाही!)

लॉरेन्सने आधी चित्रांखालची वाक्ये लिहिली, मग चित्रे काढली. हार्डबोर्डचे फलक साधारण १८ इंच बाय १२ इंचांचे. त्यांना अस्तर द्यायला ग्वेन्डोलिन नाइट ही चित्रकार मैत्रीण, म्हणजे पुढे त्याची पत्नी, मदतीला होती. रंग केसिनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनात कालवलेला. हा रंग चटकन वाळतो आणि पुन्हा तंतोतंत तसाच कालवणे कठीण. म्हणून त्याने साठही फलक एकदम मांडले. आधी काळा रंग, मग क्रमाने उजळ रंग, आणि प्रत्येक रंग सगळ्या चित्रांत फिरवायचा. त्यामुळे शेतातला, आगगाडीतला आणि कारखान्यातला माणूस एकाच रंगाचा झाला.

पूर्वी त्याने तुसाँ लूव्हर्त्यूर, हॅरिएट टबमन यांच्यावर मालिका केल्या होत्या. इथे मात्र नायकच नाही. चेहऱ्यांना बहुधा नाकडोळेही नाहीत. मला यातले पंधरावे चित्र सर्वांत बोलके वाटते. त्यात प्रेत दाखवलेले नाही. फांदीला रिकामा फास आणि खाली अंग मुडपून बसलेले एक माणूस, एवढेच. उत्तरेतही सुख नव्हते. एकोणपन्नासाव्या चित्रात खाणावळीच्या मधोमध पिवळा दोर आहे; एका बाजूला गोरे जेवतात, दुसऱ्या बाजूला काळे. त्रेपन्नाव्यात उत्तरेत आधीपासून स्थिरावलेले कृष्णवर्णीयच नव्यांना तुच्छ लेखतात. आपल्याच लोकांचा हा दोष त्याने झाकला नाही, म्हणून मालिकेवर विश्वास बसतो. अठ्ठावन्नाव्यात तीन मुली फळ्यावर लिहीत आहेत.

पुढच्याच वर्षी दोन संग्रहालयांनी मालिका वाटून घेतली. विषम क्रमांक वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहाकडे, सम क्रमांक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे. त्यामुळे पहिल्या चित्रातली स्टेशनवरची गर्दी वॉशिंग्टनची झाली आणि साठाव्यातली, अजून फलाटावर उभी असलेली, न्यूयॉर्कची.