माटुंग्याची पंगत

ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली माटुंग्यात सुरू झालं, ते मुळात एकट्या पुरुषांसाठी. गाव सोडून आलेला, खोलीवर चूल नसलेला, फोर्टातल्या एखाद्या कचेरीत टाइपरायटर बडवणारा माणूस हे त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक. आज रविवारी दुपारी माटुंगा स्टेशनसमोरच्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर चढून बघावं. रांगेत आजी असते, तिचं बोट धरलेली नात असते, तान्ह्याला खांद्यावर टाकलेला बाप असतो. बिऱ्हाड नसलेल्यांच्या खानावळीत सगळं बिऱ्हाड येऊन बसलं, त्याला आठ दशकं लागली. ही वाटचाल नायकांच्या एकट्या बोर्डिंगची मानता येत नाही. आजूबाजूच्या पाच-सहा हॉटेलांची आणि त्या शांत, झाडांनी भरलेल्या वस्तीचीही ती आहे.

माटुंग्याला आता कुणी उपनगर म्हणत नाही. सरकारी हिशेबात शीव-माहीमपर्यंत शहर आणि त्यापुढे उपनगर. पण १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्त्यांची दैना केली, १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि गावाबाहेर मोकळ्या हवेची घरं बांधायचं ठरलं, तेव्हा दादर-माटुंगा म्हणजे शेतं आणि पाणथळ जागाच होत्या. ट्रस्टने रस्ते आखले, बागा सोडल्या, दोन इमारतींमध्ये अंतर ठेवायला लावलं. पाच उद्यानांच्या भोवतीची ती तळमजला अधिक दोन मजल्यांची घरं, गोलाकार गच्च्या, रस्त्यावर सावली धरणारी झाडं हे सगळं त्या आखणीतलं. ट्राम किंग्ज सर्कलपर्यंत यायची. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, तोवर वस्ती बऱ्यापैकी भरत आली होती.

इथे राहायला आले त्यांत दक्षिणेकडचे लोक फार होते. तमिळ, मल्याळी, कन्नड, तेलुगू बोलणारे हे लोक इंग्रजी शिकलेले, लघुलेखन येणारे, रेल्वेत आणि बँकांत चिकटलेले. निखिल राव यांनी ‘हाउस, बट नो गार्डन’ या पुस्तकात या वस्तीच्या जडणघडणीचा अभ्यास मांडला आहे. संडास-मोरी घरातच असलेला स्वतंत्र ब्लॉक ही राहण्याची नवी पद्धत मुंबईत कशी रुजली, ते त्यात सापडतं. चाळीतला सार्वजनिक संडास गेला, सोवळ्याच्या स्वयंपाकघराला दार मिळालं आणि कर्मठ घरंही फ्लॅटमध्ये नांदायला तयार झाली. १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. देऊळ, शाळा, गजरे आणि केळीची पानं विकणारे फुलवाले असं सगळं एका हाकेच्या अंतरावर आलं. पण ब्लॉक मिळाला तो बायको असणाऱ्याला. नुकता आलेला पोरगा तिघा-चौघांत एक खोली घेऊन राहायचा आणि पोटाची सोय बाहेर बघायचा.

ही सोय करायला माणसं हजर होतीच. कॅफे म्हैसूर १९३६ चं, रुइया कॉलेजजवळचं मणीज लंच होम १९३७ चं, स्टेशनजवळचं राम आश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं आणि मग नायकांचं बोर्डिंग. सहा-सात वर्षांत एवढी हॉटेलं एका मैलाच्या आत निघाली, याचं कारण मागणी तर होतीच, पण पुरवठाही तितकाच भक्कम होता. उडुपीच्या कृष्णमठात आणि भोवतालच्या अष्टमठांत शतकानुशतकं हजारोंच्या पंगती उठत आल्या आहेत. कांदा-लसूण न घालता रोज शेकडो पानांचा स्वयंपाक करायचा, तोही वेळेवर, ही तिथली सवय. सगळे हॉटेलवाले मठातले आचारी होते असं मात्र समजू नये. नायक, कामत, पै, शेणै ही नावं बघितली की कळतं, यांतले पुष्कळ गौड सारस्वत. त्यांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून दक्षिणेला सरकले, दक्षिण कानड्यात स्थिरावले आणि घरात कोकणीच बोलत राहिले. म्हणून माटुंग्याच्या ‘साउथ इंडियन’ जेवणात मराठी माणसाला अधूनमधून ओळखीचं काही लागतं. दाळीतोयाची चव आपल्या हिंग-मिरचीच्या वरणाला जवळची आहे, आणि फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेली खोट्टो इडली कोकण-गोव्याकडच्या माणसाला परकी वाटत नाही.

बोर्डिंगचा हिशेब साधा असतो. महिन्याचे पैसे आगाऊ भरणारे मेंबर, किती माणसं येणार याचा अंदाज पक्का, त्यामुळे भाजी तेवढीच चिरायची, तांदूळ तेवढाच भिजवायचा. पदार्थांची यादी नाही, निवड नाही. जे रांधलं ते वाढलं. नफा मिळतो तो या वाया न जाण्यात. नायकांच्या बोर्डिंगला दुसऱ्याच वर्षी युद्धाचा फटका बसला असणार, कारण १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि भात हेच ज्यांचं जेवण, त्यांची पंचाईत झाली. भातावर चालणारी खानावळ अशा दिवसांत काढून ती टिकवणं, हे पुढच्या सगळ्या कौतुकापेक्षा मला मोठं वाटतं.

मग बायका-मुलं कधी आली? त्याची तारीख सांगता येणार नाही, पण ती का आली हे बरंच सांगता येतं. त्या काळी ‘हॉटेलात जेवणं’ हे सभ्य घरात फारसं बरं मानलं जात नव्हतं. इराण्याकडे पुरुष जात. घरची बाई जाणार कशी? कुणी शिजवलं, कशात शिजवलं, ताट कुणाचं उष्टं, हे प्रश्न सुटल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. दादरला मामा काणे यांनी १९१० साली हॉटेल काढलं ते ‘स्वच्छ उपाहारगृह’ म्हणून, ते याचमुळे. आधी खात्री द्यायची, मग बटाटावडा. उडुप्यांकडे ही खात्री आयती होती. शाकाहारी, कांदा-लसणापासून लांब, मठाची पुण्याई पाठीशी, आणि केळीचं पान, जे कालच्या जेवणाऱ्याचं असूच शकत नाही.

या खात्रीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती जातीवर उभी होती. दक्षिणेत ‘ब्राह्मण हॉटेल’ अशा पाट्या उघड लागत. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधल्या मुरली कॅफेच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ शब्द निघावा म्हणून पेरियार यांच्या अनुयायांना १९५७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. शुद्धतेच्या ज्या आश्वासनाने एका घरातली आजी निर्धास्त झाली, तेच आश्वासन दुसऱ्या कुणाला दाराबाहेर ठेवत आलं होतं. मुंबईच्या गर्दीने ते हळूहळू मोडीत काढलं. चार खुर्च्यांच्या टेबलावर जागा रिकामी दिसली की मालक तिथे पुढचं गिऱ्हाईक बसवतो, शेजारचा कोण हे विचारत नाही, आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. माटुंग्यात अनोळखी माणसाच्या सांबाराच्या वाटीला कोपर लागू न देता जेवणं ही एक शिकायची कला आहे, आणि मुलं ती लवकर शिकतात.

दुसरं कारण अगदी घरगुती. मेंबरांची लग्नं झाली. पाच-सात वर्षं ज्या पंगतीला बसले तिथे एकदा बायकोला घेऊन जावंसं वाटणारच. बायकोलाही त्यात स्वार्थ होता: रविवारी दुपारी एक वेळ चूल बंद. आपल्या गिरणगावात खानावळी बायका चालवत. गिरणी कामगारांना रोज जेवू घालणाऱ्या या बायकांची प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात बांधणी केली. माटुंग्यात उलटं होतं. रांधणारे पुरुष, वाढणारे पुरुष, आणि आयतं पान समोर आलेली बाई. ‘फॅमिली रूम’ नावाचा प्लायवूडचा आडोसा मुंबईच्या अनेक हॉटेलांत आला तो अशा बाईसाठी. त्यात पंखा हमखास कुरकुरायचा आणि दोघांना बोलता येईल एवढा एकांत मिळायचा. पुढे आडोसे गेले. बाई उघड्या हॉलमध्ये बसून जेवू लागली, यात हॉटेलवाल्यांपेक्षा नोकरी करणाऱ्या बायकांचा हात मोठा.

पंगत स्वस्त कशी राहिली, याचं उत्तर मोरीपाशी शोधावं लागतं. दक्षिण कानड्यातून बारा-तेरा वर्षांची पोरं कुणा नातेवाइकाच्या ओळखीने मुंबईला यायची आणि टेबल पुसण्यापासून सुरुवात करायची. झोपायला रात्री हॉटेलातच जागा, दोन वेळचं जेवण, आणि नशीब बरं असेल तर संध्याकाळी कन्नड रात्रशाळा. पोऱ्या म्हणून आलेले, रात्रशाळेत शिकून पुढे गल्ल्यावर बसलेले, स्वतःची हॉटेलं काढलेले बरेच आहेत आणि त्यांच्या गोष्टी आवडीने सांगितल्या जातात. जे आयुष्यभर मोरीपाशीच राहिले त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात-ढाब्यावर कामाला ठेवायला केंद्र सरकारने बंदी घातली ती २००६ साली. लहान मुलांना खुशाल घेऊन जावं अशी ही जागा बराच काळ दुसऱ्यांच्या लहान मुलांनी पुसून ठेवली होती.

साठच्या दशकाच्या शेवटी आणखी एक वळण आलं. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि ‘लुंगीवाल्यां’विरुद्धच्या मोहिमेत मुंबईतल्या उडुपी हॉटेलांवर दगड पडले. नोकऱ्यांचा राग इडलीवर निघाला. आंदोलनाच्या दिवसांत शटर खाली, आणि राग निवल्यावर त्याच गल्लीतली मराठी घरं त्याच टेबलावर मसाला डोशासाठी परत. आपला हा इतिहास जरा अडचणीचा आहे, म्हणून खाद्यसंस्कृतीवरच्या गोड लेखांतून तो सहसा गाळला जातो. डोसा मात्र तोवर मराठी झालेला होता. आज डोंबिवली-ठाण्यातल्या कुठल्याही मराठी घरात इडलीपात्र असतं, आणि ते तिथे आलं त्यात माटुंग्याचा वाटा मोठा आहे.

माटुंग्याच्या गिऱ्हाइकात बाकीची भर कॉलेजांनी घातली. व्हीजेटीआय १९२३ पासून इथे आहे, रुइया आणि खालसा १९३७ ची, पोदार १९४१ चं. रसायनतंत्र शिकवणारं, तेव्हा यूडीसीटी म्हटलं जाणारं कॉलेजही याच भागात. एका मसाला डोशावर तिघांनी दोन तास काढायचे आणि मालकाने ते निमूट बघायचं, हा करार अनेक पिढ्यांनी पाळला. किंग्ज सर्कलजवळचं षण्मुखानंद सभागृह १९६३ मध्ये उघडलं. १९९० च्या आगीनंतर ते बंद होतं, १९९८ मध्ये पुन्हा सुरू झालं. गाण्याला येणारी कुटुंबं आधी किंवा नंतर जेवणार कुठे, हे सांगायला नको. दरम्यान वस्तीचा चेहरा बदलत होता. तमिळ घरांतली पुढची पिढी चेंबूर, मुलुंड आणि परदेशात गेली. गुजराती, कच्छी, जैन कुटुंबं वाढली. हॉटेलांनी वाद घातला नाही. बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलेला जैन डोसा आला, आणि तव्यावरचं लोणी सढळ झालं. मला स्वतःला हे लोण्याचं प्रकरण थोडं जास्त वाटतं. पण समोर सहा वर्षांचं पोर दोन्ही हातांनी डोसा फाडून खात असताना हे कुणाला सांगणार?

या जागा मुलांसाठी आहेत असं कुठेही लिहिलेलं नाही. उंच खुर्ची नाही, रंगीत पेन्सिली नाहीत, खेळायचा कोपरा नाही. तरी मुलांना त्या मानवतात, आणि याचं श्रेय मी वेगाला देतो. बसल्याबरोबर पाणी, पाठोपाठ इडली. भुकेलं मूल रडायला लागायच्या आत त्याच्या तोंडात घास असतो. नायकांकडे तर पदार्थ निवडायची भानगडच कमी. ताट घ्यायचं की केळीचं पान, एवढंच ठरवायचं. मोजकं जेवणाऱ्याला ताट, भरपूर जेवणाऱ्याला पान. आजीला रस्सम-भात, नातीला तूप-भात आणि पापड, आजोबांना डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मोडून पायसम, आणि शेवटी सगळ्यांना ताक. कॅफे मद्रासला रस्सम वडा आणि नाचणीची इडली आहे. राम आश्रयला त्या दिवशी काय आहे ते काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, आणि अननसाचा शिरा आहे की नाही हे मुलं आई-बापांच्या आधी वाचून काढतात. एकच तक्रार: जेवून झाल्यावर रेंगाळायला जागा नाही. वाढपी काही बोलत नाही, पण मागे उभं राहिलेलं कुटुंब तुमच्या शेवटच्या घासाकडे बघत असतं. ज्यांना गप्पा मारायच्या असतील त्यांनी पाच उद्यानांत जावं. चालत जाता येतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पंगतच बेकायदा ठरली. कामगार गावी गेले. मग पार्सल सुरू झालं. सांबार पिशवीत जातं, रस्समही जातं, पण केळीच्या पानावर चौथ्यांदा भात वाढून घेणं डब्यात बसत नाही. जेवणाचे हॉल उघडले तेव्हा रांगा पुन्हा लागल्या. मुंबईतली अनेक उडुपी हॉटेलं मधल्या दशकांत बार झाली, काहींच्या जागी मोबाइलची दुकानं आली, जुन्या दोन मजली इमारतींच्या जागी बुरूज चढू लागले. माटुंग्यातल्या या जुन्या हॉटेलांत आता दुसरी-तिसरी पिढी गल्ल्यावर आहे. पुनर्विकासाची नोटीस आली की यांच्यापुढे भाड्याचं गणित उभं राहणार आहे. मणीज तर माटुंगा सोडून चुनाभट्टीला गेलंच.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: नायक आणि कॅफे मद्रास सोमवारी बंद असतात. रविवारी जायचं तर लवकर जावं, कुपन आधी फाडून घ्यावं, आणि मुलांना रांगेत उभं करण्याआधी एकेक केळं द्यावं.