सिल्विया ब्राउन: टीव्हीवरून आत्म्यांशी बोलणारी बाई

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

मार्च २०२०. लॉकडाऊन लागायला दोन-चार दिवस होते. आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने एक फोटो टाकला. इंग्रजी पुस्तकाचं एक पान. पुस्तक २००८ चं, आणि त्यात लिहिलेलं की २०२० च्या सुमारास न्यूमोनियासारखा एक आजार जगभर पसरेल, फुप्फुसांवर हल्ला करेल आणि कुठल्याच औषधाला दाद देणार नाही. खाली मावशीचा मेसेज: "बघा, या बाईंना बारा वर्षं आधीच कळलं होतं."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो फोटो पाहिला असेल. नंतर कळलं की अमेरिकेत किम कार्डाशियननेही तेच पान ट्विट केलं होतं, आणि तिलाही ते तिच्या बहिणीने घरच्या ग्रुपवरच पाठवलेलं. म्हणजे घरचा ग्रुप ही जागतिक संस्था आहे.

तर त्या बाईंचं नाव सिल्विया ब्राउन. मी तेव्हा नुकताच वर्क फ्रॉम होमला बसलो होतो, हाताशी वेळ होता, म्हणून नाव सर्च केलं. आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. आजचा भाग त्याबद्दल.

सिल्वियाचा जन्म १९३६ चा, मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. लहानपणापासून आपल्याला आत्मे दिसतात असं ती सांगायची, आणि फ्रान्सीन नावाची एक आत्मा-सखी तिला माहिती पुरवते असंही. आता मेलेल्यांशी बोलण्याचा धंदा अमेरिकेत काही नवा नव्हता. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स आडनावाच्या बहिणींनी 'भुताच्या टकटकी'चा खेळ सुरू केला आणि त्यातून अख्खी चळवळ उभी राहिली. आपल्याकडचं प्लँचेट हे त्याच वंशावळीतलं. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यातल्या मार्गारेटने भर सभेत कबूल केलं की ती टकटक पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढायचो. धंदा काही थांबला नाही.

सिल्वियाने १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया गाठलं, १९७० च्या दशकात आत्मिक संशोधनाची संस्था काढली, १९८६ मध्ये स्वतःचं चर्चही काढलं. मध्येच एक खटला आहे. लोकांकडून सोन्याच्या खाणीसाठी म्हणून पैसे घेतले आणि ते वळवले भलतीकडे, असा आरोप तिच्यावर आणि तिच्या आधीच्या नवऱ्यावर होता. १९९२ मध्ये आरोपपत्र आलं. तिने आरोपाला आव्हान दिलं नाही, आणि शिक्षा म्हणून प्रोबेशन आणि २०० तासांची समाजसेवा झाली. (जमिनीखाली सोनं आहे की नाही, एवढं तरी फ्रान्सीनला विचारायचं होतं.)

पण सिल्विया घराघरात पोचली ती टीव्हीमुळे. मॉन्टेल विल्यम्स नावाच्या होस्टचा एक दुपारचा टॉक शो होता, १९९१ ते २००८ असा चालला. त्यात ती वर्षानुवर्षं यायची. समोर प्रेक्षक, त्यात कुणाचे वडील गेलेले, कुणाचं मूल गेलेलं. जाडसर, घोगऱ्या आवाजात ती फटाफट उत्तरं द्यायची. एक सेकंद विचार नाही. तुमच्या वडिलांना छातीचा त्रास होता ना, ते आता ठीक आहेत, तुमच्या मागेच उभे आहेत. पुढचा प्रश्न. पुस्तकं धडाधड खपायची, न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत जायची. फोनवर अर्ध्या तासाच्या सल्ल्याला ७०० डॉलरच्या आसपास फी होती.

इथवर ठीक आहे असं कुणी म्हणेल. वडील मागे उभे आहेत हे ऐकून मुलीला बरं वाटलं, तर बिघडलं कुठे? मलाही आधी तसंच वाटलं होतं. बिघडतं ते हरवलेल्या माणसांच्या बाबतीत. गेलेले वडील मागे उभे आहेत की नाहीत हे कुणालाच तपासता येत नाही. हरवलेलं मूल मात्र एक दिवस सापडतं. जिवंत किंवा नाही, पण सापडतं.

मिसूरीतला एक ११ वर्षांचा मुलगा ऑक्टोबर २००२ मध्ये सायकलवरून गेला तो परत आला नाही. चार महिन्यांनी त्याचे आई-वडील मॉन्टेलच्या शोवर बसले. सिल्विया म्हणाली, तो गेला. त्याला नेणारा सावळ्या रंगाचा, केसांच्या लांब जटा असलेला माणूस आहे, आणि मुलगा जंगलात दोन ओबडधोबड दगडांजवळ आहे. जानेवारी २००७ मध्ये तो मुलगा जिवंत सापडला, घरापासून फार लांब नाही, किर्कवुड गावातल्या एका अपार्टमेंटमध्ये. नेणारा माणूस गोरा निघाला, पिझ्झाच्या दुकानाचा मॅनेजर, केस बारीक कापलेले. चार वर्षांहून जास्त काळ ते मूल तिथे होतं.

क्लीव्हलँडची गोष्ट याहून वाईट आहे. अमांडा बेरी. २१ एप्रिल २००३, दुसऱ्या दिवशी तिचा सतरावा वाढदिवस. बर्गर किंगमधली शिफ्ट संपवून निघाली आणि गायब झाली. आई शोधत राहिली, पोस्टर लावत राहिली, पोलिसांच्या मागे लागली. नोव्हेंबर २००४ मध्ये ती मॉन्टेलच्या शोवर गेली. सिल्वियाने सांगितलं की मुलगी जिवंत नाही, असती तर तिने फोन केला असता. आईने विचारलं, म्हणजे मला ती पुन्हा कधीच दिसणार नाही का? उत्तर आलं: दिसेल, स्वर्गात.

ती आई घरी गेली. क्लीव्हलँडच्या प्लेन डीलर वर्तमानपत्राला तिने सांगितलं की सिल्वियाच्या बोलण्यावर तिचा ९८ टक्के विश्वास बसलाय. तिने अमांडाचे फोटो उतरवले. तिचा कॉम्प्युटर देऊन टाकला. मार्च २००६ मध्ये ती वारली.

६ मे २०१३ ला क्लीव्हलँडमधल्याच एका घराच्या बंद दारावर आतून लाथा मारत एक तरुणी बाहेर पडली आणि शेजाऱ्याच्या फोनवरून तिने पोलिसांना स्वतःचं नाव सांगितलं. अमांडा बेरी. आत आणखी दोघी होत्या, त्याही अशाच पळवून नेलेल्या. अमांडाची सहा वर्षांची मुलगी तिच्याबरोबर होती. दहा वर्षं ती स्वतःच्याच शहरात कोंडलेली होती.

फोन केला असता, म्हणे. या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. कारण हा आत्म्याने दिलेला निरोप नाहीच. हा साधा अंदाज आहे. दीड वर्ष बेपत्ता असलेली मुलगी बहुधा जिवंत नसते, हे कुठलाही हवालदार सांगेल. फरक एवढाच की हवालदार 'बहुधा' म्हणतो आणि फाईल उघडी ठेवतो.

या पद्धतीला कोल्ड रीडिंग म्हणतात. समोरच्याचं वय, कपडे, चेहरा बघायचा, ज्याची शक्यता जास्त ते ठामपणे बोलायचं, आणि चुकलं तर गाडी वळवायची. जुळलेलं समोरचा लक्षात ठेवतो, न जुळलेलं विसरून जातो. स्टुडिओत हे फार सोपं, कारण मूठभर रडकी माणसं, वेळ कमी, आणि उलटा प्रश्न विचारायला कुणी नाही.

एकदा मात्र ही गाडी वळताना लाइव्ह पकडली गेली. जानेवारी २००६, वेस्ट व्हर्जिनियातली सेगो कोळसा खाण. १३ कामगार आत अडकलेले. रात्री बातमी आली की १२ जण जिवंत आहेत. सिल्विया त्या वेळी एका रेडिओ शोवर होती. होस्टने विचारलं तर म्हणाली, मला माहीतच होतं ते सापडणार. कार्यक्रम चालू असतानाच बातमी फिरली: १२ जण गेलेत, एकच वाचलाय. मग बाई म्हणाल्या की कुणी जिवंत असेल असं मला वाटत नाही, फार तर एखादा. एकाच रात्री, एकाच माइकवर. रेकॉर्डिंग आहे.

आता विरोध करणाऱ्यांकडे येऊ. सगळ्यात मोठं नाव जेम्स रँडी. मूळचा टोरांटोचा जादूगार, त्यामुळे हातचलाखी कशी होते हे त्याला आतून ठाऊक. त्याच्या संस्थेचं दहा लाख डॉलरचं आव्हान होतं: दोन्ही बाजूंना मान्य अशा अटींवर अतींद्रिय शक्ती दाखवा आणि पैसे घेऊन जा. आपल्याकडे अंनिसचं आव्हान असतं ना, तोच प्रकार. सप्टेंबर २००१ मध्ये लॅरी किंगच्या शोवर, रँडीच्या समोर, सिल्वियाने ते आव्हान स्वीकारलं. मग? मग काही नाही. कधी पैसे खरंच आहेत का ही शंका, कधी म्हणे रँडीशी संपर्कच कसा करायचा ते कळत नाही. मेलेल्यांशी रोज बोलणाऱ्या बाईंना फ्लोरिडातला एक जिवंत म्हातारा सापडेना. रँडीने आपल्या वेबसाइटवर चक्क घड्याळ लावलं, तिने हो म्हटल्याला किती दिवस झाले ते मोजणारं. चाचणी शेवटपर्यंत झाली नाही.

पण खरं सांगू? रँडीपेक्षा मला रॉबर्ट लँकेस्टर जास्त आवडला. या माणसाने २००६ मध्ये 'स्टॉप सिल्विया ब्राउन' नावाची वेबसाइट काढली. त्यात शिव्या नाहीत, टिंगल नाही. शोमध्ये ती काय म्हणाली त्याचा शब्दन् शब्द उतरवून काढायचा, तारीख टाकायची, आणि नंतर प्रत्यक्षात काय झालं ते शोधून खाली लिहायचं. आमच्या धंद्यात याला बग ट्रॅकर म्हणतात. अपेक्षित काय, घडलं काय, तिकीट उघडं की बंद. २००८ मध्ये लँकेस्टरला स्ट्रोक आला, त्या काळात डोमेन रिन्यू करायचं राहिलं आणि ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. मग दुसऱ्या पत्त्यावर साइट पुन्हा उभी राहिली. रिन्यूअल विसरून साइट बसलेली मीही पाहिलीय, म्हणून हे वाचताना पोटात गोळा आला.

सिल्विया सांगायची की आपलं ८५ टक्क्यांहून जास्त बरोबर येतं. २०१० मध्ये 'स्केप्टिकल इन्क्वायरर' मासिकात रायन शॅफर आणि अगाथा याद्विश्चोक यांनी तिची हरवलेल्या आणि खून झालेल्या माणसांबद्दलची ११५ भाकितं तपासली. ९० प्रकरणांत पडताळणीच करता येत नव्हती, कारण निकाल लागलेलाच नव्हता. उरली २५. त्यातलं एकही तिला बरोबर आलं नव्हतं. मी ही आकडेवारी दोनदा वाचली, कारण नुसते अंदाज मारले तरी एखादा लागायला हवा. म्हणजे बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं.

अमांडा सापडल्यावर सिल्वियाने निवेदन काढलं. आशय असा की आपण चुकल्याचा आनंद मानावा अशी ही वेळ आहे, आणि नेहमी बरोबर असतो तो फक्त देव. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ती वारली, ७७ व्या वर्षी. लॅरी किंगला तिने सांगितलं होतं की आपण ८८ व्या वर्षी जाऊ.

आता ते व्हॉट्सॲपवालं पान. त्यातलं पुढचं वाक्य असं सांगतं की हा आजार जसा अचानक आला तसाच अचानक निघून जाईल, दहा वर्षांनी परत येईल आणि मग कायमचा नाहीसा होईल. अचानक निघून गेला का, ते तुम्ही सांगा. पुस्तक २००८ चं, आणि सार्सची साथ २००३ ची, सगळ्यांच्या ताज्या आठवणीतली. त्याच पुस्तकात सर्दी २०१० च्या आसपास जगातून संपेल असंही भाकीत आहे. तो फोटो मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही.

हे सगळं मी तेव्हा मावशीला ग्रुपवर लिहिलं. मुद्दे क्रमांक टाकून, लिंक देऊन, शेवटी हसणारा इमोजी. मावशी काही बोलली नाही. संध्याकाळी आईचा फोन आला: "अरे, काका जाऊन सहा महिने नाही झाले. घरात एकटी आहे ती. कुणालातरी पुढचं माहीत होतं असं वाटलं, तर जरा धीर येतो माणसाला." मी इमोजी डिलीट केला. लिंक तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मावशीला फोन करून तासभर बोललो, सिल्वियाचं नाव निघालं नाही. अमांडाच्या आईबद्दल तिला सांगितलं ते बऱ्याच महिन्यांनी, समोरासमोर. मावशीने एवढंच विचारलं, "मग मुलगी सुटून आली तेव्हा आई नव्हतीच?"

नव्हती.

अमांडा २०१७ पासून क्लीव्हलँडच्या फॉक्स ८ चॅनलवर एक छोटा कार्यक्रम करते. त्यात कुठलाही आत्मा येत नाही. एका हरवलेल्या माणसाचा फोटो असतो, वय असतं, शेवटचं कुठे दिसलं ते असतं, आणि काही माहिती असेल तर कुठे फोन करायचा ते.