आत्याच्या मांडीवरचं मस्टर

आमच्या घरात आत्याची ओळख एका वाक्यात संपायची. "अडाणी होती बिचारी, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली." आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा पेठच्या घराची कौलं उतरवताना पत्र्याच्या पेटीत तिचे दोन फोटो सापडले, आणि हे वाक्य काही टिकलं नाही.

पहिला फोटो शाळेपुढचा. मागच्या पाटीवर 'लोकल बोर्ड' एवढंच वाचता येतं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला. पाटी बदलायला वर्ष-दोन वर्षं लागली असं धरलं, तरी फोटो साठीच्या आसपासचा. पंधरा-सोळा पोरं, मुली दोनच. त्यातली एक आत्या, नऊ-दहा वर्षांची, हातात पाटी-पेन्सिल. मागे शाईनं गुरुजींचं नि सगळ्या मुलग्यांची नावं आहेत. मुलींची नाहीत.

दुसरा चौकोनी, तळहातात मावेल एवढा. तेव्हा आगफा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात एका रोलमध्ये बाराच फोटो निघायचे. उगाच कुणी बटण दाबत नसे. मागे '१९७३'. जागा सिन्नरकडची, आत्याच्या सासरची. दुष्काळी काम चाललंय. खडीचे ढीग, घमेली, ओळीनं बसलेल्या बाया. आत्या कडेला, मांडीवर लांबट वही, हातात पेन्सिल.

तिच्या सासरच्या गावातल्या एका आजींना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "आमचं मस्टर तीच वाचायची. मुकादमानं उगा खाडा मांडला की भांडायची. हिला वाचता येतं म्हटल्यावर तो वचकून असायचा."

खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. दुष्काळात ती घरातली भाकर असते.

त्या वर्षी राज्यात लाखो माणसं अशा कामांवर होती. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ मध्ये देशभरासाठी कायदा आला. या इतिहासात वि. स. पागे यांचं नाव आहे, असायलाच हवं. पण हमी कागदावर असली तरी मजुरी हातात पडते ती मस्टरवरून. ते वाचून दाखवणारी कुणीतरी ओळीत बसलेली असावी लागते. तिचं नाव कुठल्याच पुस्तकात येत नाही. आमच्याकडे तर घरातही आलं नाही.

मंडळी, आपापल्या पेट्या उघडा. घरात म्हातारी माणसं आहेत तोवर फोटो त्यांच्यापुढं धरा. मागे शिसपेन्सिलीनं हलकं लिहा, बॉलपेनचा दाब पुढं उमटतो. बायांची नावं आधी लिहा. आणि "ही कोण?" एवढंच विचारून थांबू नका. "हिच्या हातात काय आहे?" तेही विचारा.