आराखड्याचे चित्र : माहितीच्या रकान्यांचा एक अल्प इतिहास

कोणत्याही नोंदवहीत पहिली नोंद होण्यापूर्वी तिचे रकाने आखलेले असतात. रकान्यास नाव कोणते द्यावे, त्यात अंक यावा की अक्षर, तो रिकामा सोडता येईल किंवा नाही, आणि एक नोंद दुसरीशी कशाने जोडली जावी, हे ठरल्यानंतरच नोंदीचे काम सुरू होते. संगणकशास्त्रात ह्या पूर्वनिर्णयांच्या समुच्चयास ‘स्कीमा’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘आराखडा’ हा शब्द योजिला आहे. अलीकडे वेबवरील अनेक ॲप्लिकेशनांत हा आराखडा पडद्यावरच तयार करता यावा म्हणून एक चित्ररूप संपादक बसविलेला आढळतो. बटण दाबून रकाना वाढवावा, त्याचा प्रकार यादीतून निवडावा, तो आवश्यक असल्यास तशी खूण करावी, एका रकान्याच्या पोटात दुसरे रकाने घालावे; पडद्यामागे ह्या साऱ्याचा रीतसर मजकूर आपोआप लिहिला जातो. ज्यांना प्रोग्रॅम लिहिता येत नाही त्यांच्यासाठी केलेली ही सवलत आहे, असे सामान्यतः मानले जाते. इतिहासाच्या दृष्टीने ही समजूत अपुरी आहे. आराखड्याचे चित्र ही गेल्या काही वर्षांतील सोय नसून तिच्यामागे अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा वाद आहे, आणि रकाने आखण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या वादाचा मूळ प्रश्न आहे.

१

ह्या प्रश्नाचे स्वरूप महाराष्ट्रातील वाचकास परिचित अशा उदाहरणाने प्रथम स्पष्ट करू. गावच्या महसुली दप्तरातील नमुने एक ते एकवीस ह्या क्रमांकांनी ओळखले जातात. पैकी सातवा नमुना अधिकार-अभिलेखाचा व बारावा पिकांच्या नोंदीचा. दोहोंचा मिळून ‘सात-बारा’ होतो. त्यातील रकाने तलाठी ठरवीत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली १९७१ साली जे नियम झाले त्यांनी ही चौकट निश्चित केली, आणि तलाठ्याने भरावयाचे ते त्या चौकटीतच. भोगवटादाराच्या नावास स्वतंत्र जागा आहे. कुळाचा हक्क किंवा कर्जाचा बोजा मात्र ‘इतर अधिकार’ ह्या सदरात जातो. एखादे नाव कोणत्या सदरात पडले, ह्यावर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते, हे खेड्यात राहिलेल्या कोणासही सांगावयास नको.

ह्या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. एक, रकाने आखणारा आणि रकाने भरणारा ह्या दोन भिन्न व्यक्ती असतात, आणि ज्याच्याविषयी नोंद व्हावयाची तो तिसराच असतो. दुसरी, आखणाऱ्यास सर्व काही आधी कळत नाही. ‘इतर’ आणि ‘शेरा’ ही सदरे म्हणजे कागदी आराखड्याने स्वतःच्या अपुरेपणाची करून ठेवलेली तरतूदच होय.

२

यंत्राकडे वळल्यावर भरणारा व आखणारा ह्यांतील अंतर अधिकच वाढले. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ ह्याची छिद्रित कार्डे वापरली गेली; १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ऐंशी स्तंभांचे कार्ड प्रचारात आणले. कार्डावरील कोणत्या स्तंभांत कोणती माहिती आहे हे केवळ छिद्रांकडे पाहून समजत नसे. त्यासाठी आखणीचा निराळा तक्ता जवळ असावा लागे. पुढे संगणक आले तेव्हा हा तक्ता प्रोग्रॅमच्या पोटात गेला. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्यालाच काय ते रकाने माहीत, अशी स्थिती झाली.

ही स्थिती पालटण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न चार्ल्स बॅकमन ह्यांनी केला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ ही प्रणाली घडविली, आणि १९६९ साली आराखड्याचे चित्र काढण्याची आपली पद्धती प्रसिद्ध केली. नोंदीच्या प्रत्येक प्रकारासाठी एक चौकोन, आणि एका प्रकाराचे दुसऱ्याशी नाते दाखविणारा बाण, एवढीच तिची सामग्री. एका खात्याकडून अनेक कर्मचाऱ्यांकडे बाण गेला की खाते हे धनी व कर्मचारी हे त्याचे घटक, हे पाहणाऱ्यास उमगे. ह्याच सुमारास कोडॅसिल ह्या संस्थेच्या अभ्यासगटाने १९६९ व १९७१ च्या अहवालांत संपूर्ण माहितीचा आराखडा आणि त्यातील एखाद्या कामापुरता उप-आराखडा असा भेद केला, व आराखडा लिहिण्याची स्वतंत्र भाषा सुचविली. आराखडा प्रोग्रॅमच्या बाहेर आला तो असा, आणि बाहेर येताच त्याला चित्र व मजकूर अशी दोन रूपे लाभली.

३

तथापि १९७० साली एडगर कॉड ह्यांनी आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतून जो निबंध प्रसिद्ध केला त्याने ह्या चित्राखालची भूमीच सरकविली. माहिती यंत्रात कशी रचली आहे हे जाणण्याची गरज वापरणाऱ्यास पडू नये, हे त्यांचे सूत्र. बॅकमन ह्यांच्या बाणावरून प्रोग्रॅमरने वाट काढीत जावयाचे असे. कॉड ह्यांनी बाणच काढून टाकले. उरले ते केवळ तक्ते. दोन तक्त्यांतील नाते हे रेषेने न दाखविता समान मूल्याने ओळखावयाचे. १९७४ मध्ये ॲन आर्बर येथे ह्या दोन पक्षांचा जाहीर वादविवादही झाला. दोघांनाही ट्युरिंग पारितोषिक मिळाले, बॅकमन ह्यांना १९७३ साली आणि कॉड ह्यांना १९८१ साली, ह्यावरून दोन्ही पक्षांचे वजन कळून येते.

कॉड ह्यांच्या मांडणीत तार्किक शुद्धता होती, परंतु एक उणीव राहिली. तक्त्यांची केवळ यादी पाहिली तर कोणता तक्ता वस्तूचा आणि कोणता नात्याचा, हे सहज कळत नाही. ही उणीव पीटर चेन ह्यांनी मार्च १९७६ मधील आपल्या निबंधाने भरून काढली. वस्तूसाठी आयत, नात्यासाठी समभुज चौकोन, आणि नाते एकास एक आहे की एकास अनेक हे दाखविणारी अक्षरे, अशी त्यांची चित्रलिपी होती. बॅकमन ह्यांचे चित्र यंत्रातील वाटांचे होते. चेन ह्यांचे चित्र व्यवहाराच्या अर्थाचे होते. कारखान्यातील कर्मचारी, खाती व प्रकल्प ह्यांचे चित्र पाहून व्यवस्थापकासही ‘एक कर्मचारी दोन प्रकल्पांवर असतो, तुम्ही एकच दाखविला आहे’ असा आक्षेप घेता येणे शक्य झाले. चित्राचे ऐतिहासिक महत्त्व ह्या आक्षेपात आहे. ज्याला प्रोग्रॅम वाचता येत नाही, पण कामाचे स्वरूप ठाऊक आहे, अशा माणसाला आराखड्याविषयी बोलण्याचा अधिकार चित्राने दिला.

४

हा अधिकार फार काळ टिकला नाही, आणि त्याचे कारण साधे होते. चित्र हे आरंभीचे साधन मानले गेले. चित्र काढावे, त्यावर चर्चा व्हावी, आणि मग एसक्यूएल भाषेत तक्ते तयार करावेत. त्या भाषेस १९८६ साली अमेरिकेत प्रमाण-रूप मिळाले होते. पुढे तक्ते बदलत गेले; चित्र होते तसेच भिंतीवर राहिले. काही वर्षांत चित्र एक सांगे व डेटाबेस दुसरेच सांगे. अशा वेळी खरे कोण, ह्याचे उत्तर नेहमी मजकुराच्या बाजूने लागे, आणि मजकूर प्रोग्रॅमरच्या हाती असे.

चित्र आणि मजकूर एकच असावेत, एकात केलेला फेर दुसऱ्यात तत्काळ उमटावा, ही कल्पना ह्या अडचणीतून पुढे आली. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस ह्या १९९२ साली निघालेल्या प्रणालीच्या पुढील आवृत्त्यांत दोन तक्त्यांमध्ये रेषा ओढली की नाते प्रत्यक्ष निर्माण होई. वेबच्या क्षेत्रात ड्रुपल ह्या प्रणालीने हीच वाट धरली. जानेवारी २०११ मधील तिच्या सातव्या आवृत्तीत रकाने वाढविण्याची सोय मूळ प्रणालीतच आली. संकेतस्थळाचा व्यवस्थापक पडद्यावर रकाना वाढवी, आणि डेटाबेसमध्ये त्याच्यासाठी तक्ता तयार होई. चित्र आता नकाशा राहिले नाही. त्याला हात लावला की जमीन हलू लागली.

५

मजकुराची बाजूही ह्या काळात स्थिर नव्हती. डब्ल्यूथ्रीसी ह्या संस्थेने मे २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा हे प्रमाण मान्य केले. ते समर्थ होते, पण इतके विस्तृत की हाताने लिहिणे कष्टाचे होई. त्याच वर्षी डग्लस क्रॉकफर्ड ह्यांनी जेसन हे सुटसुटीत लेखन पुढे आणले. त्यात आराखडा सांगण्याची कोणतीच तरतूद नव्हती, आणि त्याच्या प्रसारास हेही एक कारण झाले. २००९ नंतर आराखड्याविना चालणाऱ्या डेटाबेसांचाही बोलबाला झाला. वस्तुतः आराखडा नाहीसा झाला नव्हता; तो पुन्हा प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन बसला होता. कार्डांच्या काळातील जुनी स्थिती नव्या वेषात परत आली, असे म्हणावयास हरकत नाही. ती दूर करण्यासाठी जेसन स्कीमा हे प्रमाण आकारास येऊ लागले. त्याचा पहिला मसुदा २००९ चा, आणि २०२०-१२ ह्या आवृत्तीशी सुसंगती साधणारे ओपनएपीआयचे प्रमाण २०२१ मध्ये निघाले. आज वेबवरील चित्ररूप संपादक बहुधा ह्याच भाषेत मजकूर निर्माण करतात.

ह्या प्रमाणाची एक गोष्ट लक्षणीय आहे. आराखड्यात न सांगितलेला रकाना नोंदीत आला तर, स्पष्ट मनाई नसल्यास, तो ग्राह्य धरला जातो. तक्त्यांच्या डेटाबेसात ही मुभा नसते. गावच्या नमुन्यातील ‘शेरा’ येथे निराळ्या रूपाने परत आला आहे. चित्ररूप संपादकात ही मनाई बहुधा एका खुणेने घालता येते. ती खूण करणाऱ्याने आपण कोणते दार बंद करीत आहो, ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

६

आता ह्या साधनाची कसोटी एका प्रत्यक्ष प्रसंगावर लावून पाहू. मराठी माणसाचे नाव रूढीने तीन भागांचे : स्वतःचे, पित्याचे वा पतीचे, आणि आडनाव. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये असा निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असावा. आराखड्याच्या दृष्टीने हा एका रकान्याचा फरक. समाजाच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार मोठा आहे. जोवर रकाना नव्हता तोवर आईचे नाव कोणी पुसले नव्हते. नावाच्या क्रमात त्याला जागाच नव्हती.

चित्ररूप संपादकात हा रकाना वाढविणे क्षणाचे काम आहे. परंतु तो आवश्यक म्हणून खूण केली तर त्या दिवसापूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी सदोष ठरतील, आणि ऐच्छिक ठेवला तर निर्णयाचा हेतूच विफल होईल. हवा आहे तो सशर्त नियम : जन्मदिनांक अमुक दिवसाचा वा नंतरचा असेल तरच रकाना आवश्यक. जेसन स्कीमाच्या सातव्या मसुद्यात ‘जर-तर’ ह्या रचनेची भर पडली खरी. पण दोन दिनांकांत आधीचा कोणता व नंतरचा कोणता, हे सांगणारा शब्द त्या प्रमाणाच्या शब्दसंग्रहात नाही. दिनांकाच्या अक्षरांचा साचा लिहून हे कसेबसे साधावे लागते, किंवा नियम प्रोग्रॅममध्ये टाकावा लागतो. रकाना सर्वांना दिसतो. रकान्याचा नियम मात्र पुन्हा अदृश्य होतो.

ह्यावरून चित्र निरुपयोगी ठरते असे नाही. चित्रात काय मावते आणि काय मावत नाही, ह्याची जाण ठेवून त्याचा उपयोग व्हावा, एवढेच सुचवावयाचे आहे. बॅकमन व चेन ह्यांच्या आकृत्यांचे सामर्थ्य त्यांच्या सोपेपणात नव्हते. कामाची माहिती असलेल्या माणसाला त्या पाहून आक्षेप घेता येई, ह्यात ते होते. आजच्या संपादकाची पारखही, रकाना किती त्वरेने वाढतो ह्यावरून न करता, तो रकाना कोणी, कधी व कोणत्या कारणासाठी वाढविला आणि त्याचा नियम कोठे आहे हे पाहणाऱ्यास कळते किंवा नाही, ह्यावरून करावी. जेसन स्कीमात प्रत्येक रकान्यासोबत त्याचे वर्णन आणि टीप लिहिण्याची सोय आहे; पुष्कळदा ती रिकामीच राहते. संपादकाने ती जागा डोळ्यांसमोर ठेवली, आणि आखणाऱ्याने ती भरली, तर भरणाऱ्यास व ज्याच्याविषयी नोंद व्हावयाची त्या तिसऱ्यास निदान प्रश्न विचारण्यापुरता आधार मिळेल.