समारंभाची यादी कोणाच्या घरासाठी?

मंडळी, धाटावला येताना आम्ही एक कोरं मासिक सोबत आणलं आहे. अगदी खरोखरच कोरं. एक मोठा कागद तीनदा दुमडला, बाजूने कापला, की सोळा पृष्ठं होतात. छापखान्यात त्याला फर्मा म्हणतात. त्यावर पेन्सिलीने मजकुराच्या, चित्रांच्या जागा आखल्या की झाली डमी. आमच्या डमीचा विषय घरगुती समारंभ: बारसं, साखरपुडा, लग्न, साठी, नोकरीतून निवृत्तीचा निरोप. आणि आमचं अडलं ते पहिल्याच पृष्ठावर. तिथे फुलांनी सजवलेल्या मांडवाचा फोटो घ्यायचा, की खर्चाचा तक्ता? वाद मिटेना, तेव्हा आम्ही इतिहासाकडे वळलो. आजचं व्याख्यान त्या वादातून आलं आहे.

समारंभ कागदावर आखणं आपल्याकडे नवीन नाही. 1783 साली पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं. नाना फडणवीसांच्या कारभारात त्याची तपशीलवार यादी झाली. पाहुण्यांचं स्वागत, मानपान, पंगती, बंदोबस्त, सगळं कामवार वाटून दिलेलं. आजचा कोणताही इव्हेंटवाला ती वाचून मान डोलवेल. पण ती यादी राज्याची होती. तिच्यामागे खजिना होता, शेकडो माणसांचा राबता होता. तिचा खरा उद्देश दौलतीचा दबदबा दिसावा हा. रोह्याच्या आळीत राहणाऱ्या माणसाला तिच्यातून शिस्त शिकता येईल, लग्न मात्र करता येणार नाही.

आता नव्वद वर्षं पुढे या. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला सीताराम आल्हाट आणि राधाबाई यांचं लग्न भटजीविना, अगदी थोड्या खर्चात लागलं. पुढे 1887 साली जोतीराव फुल्यांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचं एक छोटं पुस्तक छापलं. लग्न कसं लावायचं, वधूवरांनी एकमेकांना काय वचन द्यायचं, हे सगळं मराठीत. मंगलाष्टकात वधू स्वतः बोलते, बायकांच्या हक्काचं मागते. आमच्या मते सामान्य घराच्या हाती समारंभाची आखणी देणारं हे आपल्याकडचं सर्वांत धीट पुस्तक. त्याचा मुख्य रोख पुरोहिताच्या मक्तेदारीवर होता, खर्च हा त्यातला एक भाग. ही मक्तेदारी किती घट्ट होती ते जुन्नरकडच्या ओतूरला दिसलं. तिथे पुरोहिताविना लग्न लावल्यावर दक्षिणेच्या हक्कासाठी प्रकरण थेट कोर्टात गेलं!

म्हणजे बघा, दोन्ही कागद लग्नाचेच. पण एक वाड्यासाठी, दुसरा कोणाच्याही अंगणासाठी.

मासिकांनी यातलं काय उचललं? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1895 साली ‘मनोरंजन’ काढलं आणि 1909 साली त्याचा दिवाळी अंक. सणाच्या निमित्ताने अंक विकत घ्यायचा, ही सवय मराठी माणसाला तिथून लागली. सण वाचायचीही गोष्ट झाली. स्वयंपाकाची पुस्तकं तर त्याआधीपासून होती; ‘सूपशास्त्र’ 1875 सालचं. पण आम्हाला धडा मिळाला तो 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’तून. बाईंनी माप दिलं वाटीचं आणि चमच्याचं. घरात जे भांडं आहे तेच माप! नव्या सुनेला तराजू शोधावा लागला नाही. समारंभाच्या मासिकालाही असंच घरातलं माप हवं.

इथे एक इशारा द्यायला हवा, नाहीतर आम्हीच उपदेशाचे डोस पाजू लागू. 1875 साली सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला, तो पसरला आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, असं तेव्हाही सर्रास बोललं जाई. आयोगाने लिहिलं, की या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं. कधीतरी येणाऱ्या लग्नापेक्षा धान्य, बियाणं, बैल, सरकारी सारा यांसाठी पुन्हापुन्हा घेतलेली छोटी कर्जं जास्त चढतात. तेव्हा लेकीच्या लग्नात हौस केली म्हणून कोणाला टोचून बोलायचा अधिकार आपल्याला नाही. हौस असावीच. प्रश्न एवढाच, की ती फेडायला किती वर्षं लागणार हे मांडव घालायच्या आधी घरात सगळ्यांना कळलं होतं का?

म्हणून आमचा वाद असा मिटला. पहिल्या पृष्ठावर तक्ता. तोही कसा? धाटावच्या घरासारखा. पहिला रकाना मुहूर्ताचा नाही, पाळीचा. घरातला कमावता माणूस कारखान्यात त्या आठवड्यात रात्रपाळीला असेल, तर सकाळचा मुहूर्त कितीही शुभ असला तरी तो पेंगतच अक्षता टाकणार. दुसरा रकाना पानांचा: किती जण जेवणार. तिसरा, पैसे कुठून येणार आणि व्याज किती. चौथा रकाना आमच्यातल्या एका बाईंनी घालायला लावला: त्या दिवशी बसून जेवायला कोणाला मिळणार नाही? यादीत आईचं, काकूचं नाव राबणाऱ्यांतही असतं. पंगतीत ते शोधावं लागतं.

मांडवाचा फोटो आम्ही काढून टाकला नाही, बरं का. तो मधल्या जोडपृष्ठावर नेला. ही डमी आता तुमच्यात फिरवतो. पेन्सिल सोबत आहे. तुमच्या घरातल्या मागच्या कार्याचा हिशेब आठवा आणि आमचा जो रकाना चुकला असेल, तो खुशाल खोडा.