दुर्गाबाई देशमुख : तुरुंगांतून घटनासमितींत

कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालयापुढें चालत नाहीं. हें तत्त्व वकिलाच्या तोंडीं शोभून दिसतें. परंतु जिला अक्षरओळखहि नाहीं अशा बाईच्या बाबतींत त्याचा अर्थ काय होतो, हें १९३० नंतरच्या मद्रास इलाख्यांतील तुरुंगांनीं एका तरुण राजबंदी स्त्रीला शिकविलें. मिठाच्या सत्याग्रहाच्या निमित्तानें ती तीन वेळां तुरुंगांत गेली. वेल्लोर आणि मदुरे येथें खुनासारख्या आरोपांवरून शिक्षा भोगणाऱ्या बायका तिच्या दृष्टीस पडल्या. त्यांच्यापैकीं कित्येकींना खटल्यांत काय बोललें गेलें हें उमजलेंच नव्हतें; आणि कांहींनीं तर न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली होती. आपण वकील व्हावयाचें हा दुर्गाबाईंचा निश्चय येथला. त्या वेळीं त्यांची मॅट्रिकची परीक्षाहि झालेली नव्हती.

दुर्गाबाई मूळच्या तेलुगु. १९०९ सालीं राजमहेंद्रीस त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षीं लग्न लावून देण्यांत आलें. परंतु कळूं लागल्यावर त्यांनीं सासरीं नांदण्यास नकार दिला, आणि वडील व भाऊ मुलीच्या पाठीशीं उभे राहिले. त्या काळच्या आंध्र प्रांतांत ही लहान गोष्ट नव्हे. पुढें त्या गृहस्थांच्या मागें राहिलेल्या विधवेस दुर्गाबाईंनींच आधार दिला, हें त्यांच्या स्वभावाचें एक गमक समजावें.

बारा वर्षांच्या असतांना इंग्रजी माध्यमाच्या निषेधार्थ त्यांनीं शाळा सोडली आणि मुलींसाठीं स्वतःच हिंदीची पाठशाळा उघडली. १९२१ सालीं महात्माजी काकिनाड्यास येणार असें समजतांच, देवदासींची व पडदानशीन स्त्रियांची त्यांच्याशीं भेट घडवून आणण्याचें या मुलीनें मनावर घेतलें. पांच हजारांची थैली द्याल तर कांहीं मिनिटें देऊं, असें संयोजकांनीं सांगितलें. तीहि रक्कम जमली. सभेंत बायकांनीं अंगावरचे दागिने उतरवून दिले, आणि त्यापुढें महात्माजींच्या हिंदी भाषणाचें तेलुगु भाषांतर करण्याचें काम या मुलीकडे आलें. काकिनाडा काँग्रेसच्या वेळची दुसरी आख्यायिका तर सर्वांच्या परिचयाची आहे : तिकिटाविना प्रदर्शनांत शिरूं पाहणाऱ्या जवाहरलालांना स्वयंसेविका दुर्गाबाईंनीं दारांतच अडविलें, आणि तिकीट आल्यावरच आंत सोडलें. या गोष्टीचें कौतुक पुष्कळ झालें आहे. पण नियम मोठ्या माणसासहि लागू असतो, ही वकिली बुद्धि तिच्यांत चौदाव्या वर्षींच होती, इकडे मात्र फारसें लक्ष जात नाहीं.

योगायोग असा कीं, ती काँग्रेस भरली त्याच १९२३ सालीं स्त्रियांना वकिलीची बंदी नाहीं असें ठरविणारा कायदा हिंदुस्थानांत मंजूर झाला. त्यापूर्वीं नाशिकांत जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास करूनहि वर्षानुवर्षें न्यायालयाच्या उंबरठ्याशींच थांबावें लागलें होतें.

तुरुंगांत दुर्गाबाईंची प्रकृति ढासळली. मदुरेस एकांतवास भोगून त्या बाहेर आल्या आणि चळवळीकडे न परततां पुस्तकांकडे वळल्या. कांहीं सहकाऱ्यांना हें माघार घेण्यासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. बनारसची मॅट्रिक आणि इंटर झाली. पदवीसाठीं वाल्टेरच्या आंध्र विद्यापीठाकडे अर्ज केला, तो मुलींसाठीं वसतिगृह नाहीं या सबबीवर अडला. दुर्गाबाईंनीं वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन शिकूं इच्छिणाऱ्या मुली जमविल्या, त्यांच्यासाठीं वसतिगृह उभें केलें, आणि मग प्रवेश मिळविला. मद्रासेंत कायद्याचा अभ्यास पुरा करून १९४२ सालीं त्या तेथील वकीलवर्गांत दाखल झाल्या. तुरुंगांतील संकल्पास तोंवर जवळजवळ दहा वर्षें लोटलीं होतीं.

या धडपडींतच १९३७ मध्यें मद्रासला आंध्र महिला सभेचा उगम झाला. आरंभ अगदीं घरगुती होता : ज्या मुलींचें शिक्षण लग्नामुळें वा वैधव्यामुळें तुटलें होतें, त्यांना बनारसच्या मॅट्रिकसाठीं तयार करणें. पुढें या संस्थेचीं रुग्णालयें, शाळा व प्रशिक्षणकेंद्रें झालीं.

वकिली मात्र चारपांच वर्षांचीच ठरली. १९४६ सालीं मद्रास प्रांतांतून त्या घटनासमितीवर निवडून गेल्या. समितींतील पंधरा स्त्रियांपैकीं सभापतींच्या यादींत नांव असलेल्या त्या एकट्याच. कामकाजाच्या वृत्तांतांत त्या 'श्रीमती जी. दुर्गाबाई' या नांवानें वारंवार भेटतात. त्यांच्या दुरुस्त्या बहुधा कोरड्या, कलमांत एखादा शब्द बदलणाऱ्या असत. परंतु त्या शब्दांनीं पुष्कळ साधत असे. राज्यसभेच्या सभासदत्वासाठीं मसुद्यांत पस्तिसाव्या वर्षाची अट होती. ती तिसावर आणण्याची सूचना त्यांनीं मांडली, आणि आजहि घटनेंत तीसच वर्षें आहेत.

भाषेच्या प्रश्नावर त्यांची परीक्षा अधिक कठीण होती. स्वतः बाळपणीं हिंदीची पाठशाळा चालविणारी ही बाई. तरीहि १९४९ च्या सप्टेंबरांत तिनें हिंदी आणि उर्दू दोहोंस सामावणाऱ्या हिंदुस्थानीचा पक्ष घेतला, आणि हिंदीचा आग्रही प्रचार दक्षिणेंत उलटा परिणाम घडवील अशी भीति व्यक्त केली. मद्रासेंत १९३७ नंतर सक्तीच्या हिंदीविरुद्ध उसळलेली चळवळ तिनें डोळ्यांनीं पाहिली होती. जिला हिंदी आवडत होती तिनेंच सबुरीचा सल्ला द्यावा, यांत त्या सल्ल्याचें वजन होतें. पंधरा वर्षांच्या मुदतीचा विचार अखेर घटनेंतहि आला. मुदत संपतांच, १९६५ सालीं, मद्रास राज्यांत जें घडलें तें पाहतां ती भीति अस्थानीं नव्हती.

हंगामी संसदेंत त्यांनीं हिंदु कोड बिलाचा पुरस्कार केला. १९५२ च्या निवडणुकींत त्या पराभूत झाल्या. येथें एखाद्याचें राजकारण संपलें असतें. त्यांचें खरें राज्यकारभाराचें काम येथूनच सुरू झालें. नियोजन मंडळाच्या सभासद या नात्यानें त्यांनीं स्वयंसेवी संस्थांच्या साह्यासाठीं पहिल्या योजनेंत चार कोटी रुपये राखून घेतले, आणि १९५३ च्या ऑगस्टांत स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

त्याच वर्षीं जानेवारींत त्यांचा विवाह झाला. वर होते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. कुलाबा जिल्ह्यांतील नाते गांवचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर. नोंदणीपद्धतीच्या त्या विवाहास साक्षीदार होते जवाहरलाल. काकिनाड्यास दारांत अडविलेले तेच. तीन वर्षांनीं मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनीं मंत्रिपद सोडलें, तेव्हां महाराष्ट्रानें त्यांना डोक्यावर घेतलें. त्या घरांत एक तेलुगु गृहिणी होती, आणि १९५३ सालीं तिचा आंध्रहि भाषेच्या तत्त्वावरच वेगळा झाला होता, याची आठवण मात्र त्या गडबडींत थोड्यांनाच राहिली असेल.

१९५८ सालीं स्त्रीशिक्षणासाठीं नेमलेल्या राष्ट्रीय समितीचें अध्यक्षपद दुर्गाबाईंकडे आलें. मुलामुलींच्या शिक्षणांतील दरी हा स्वतंत्र प्रश्न समजून त्यासाठीं वेगळी यंत्रणा व वेगळा पैसा हवा, असें या समितीचें म्हणणें होतें. १९७५ मध्यें पतिपत्नी दोघांनाहि एकाच वर्षीं पद्मविभूषण मिळालें. असा योग विरळा.

पण तुरुंगांतील त्या बायकांचें काय? १९५३ मध्यें चीनच्या प्रवासांत दुर्गाबाईंनीं कौटुंबिक न्यायालयें पाहिलीं. घरच्या तंट्यांत वादी-प्रतिवादींच्या डावपेंचांपेक्षां समेटाला जेथें अधिक स्थान, बाईला आपलें म्हणणें आपल्या शब्दांत सांगतां येईल असें ठिकाण त्यांना आपल्याकडेहि हवें होतें. परत आल्यावर त्यांनीं मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति छागला व गजेंद्रगडकर यांच्याशीं या विषयाची चर्चा केली, पंतप्रधानांपाशींहि गोष्ट काढली. उत्तरें सहानुभूतीचीं मिळालीं. कायदा मिळाला नाहीं. वर्षांमागून वर्षें गेलीं. १९८१ च्या मे महिन्यांत दुर्गाबाई वारल्या, पुढच्याच वर्षीं चिंतामणराव गेले. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा संसदेनें मंजूर केला तो १९८४ सालीं.